सत्तेचाळीस नंबरची हजेरी

पत्रांना उत्तरं देण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही! बोलताना मला असा जोर साधत नाही, म्हणून तो लिहिताना काढून घेतो. लग्नाच्या छापील पत्रिका येतात, त्यांनाही मी उत्तर धाडतो. वीज मंडळाच्या नोटिशीला मी एकदा 'आपले पत्र पावले, वाचून आनंद झाला' असं कळवलं होतं. पुढे लाइनमन आला आणि वायर कापून गेला, पण जाताना नमस्कार करून गेला!

एका पत्राला मात्र मी उत्तर दिलं नाही. एकोणीसशे साठच्या दोन जानेवारीला आलेलं पत्र. नंतर त्याला एक उत्तर गेलं, त्याखाली सहीही माझीच होती. पण ते उत्तर मी दिलं असं म्हणायला आज पंच्याऐंशीच्या घरातही माझी जीभ रेटत नाही. तशी ती कधीच रेटली नाही, आणि सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात इंटर आर्ट्सला होतो. घर अकोल्याला, जुन्या शहरात. वडील भिक्षुक. त्यांच्या मिळकतीत माझं कॉलेज म्हणजे दर्भाच्या जुडीवर गच्ची बांधण्यासारखं होतं. तो भार उचलला होता अकोल्याच्या 'माणिकबाई स्मारक विद्यार्थी फंडा'नं. फी फंडाची, वसतिगृह फंडाचं, पुस्तकं फंडाची. माझं त्यात फक्त डोकं होतं, आणि त्याच्याबद्दलही मला शंकाच होती.

पत्र फंडाचे चिटणीस शेषराव वकील यांचं होतं. वकिलांनी लिहिलं होतं :

'फंडाची मदत पुढे चालू राहण्यास विद्यार्थ्याची हजेरी शेकडा पंचाहत्तर व प्रगती समाधानकारक असणे जरूर आहे. कॉलेजकडून आलेल्या तक्त्यात आपली हजेरी शेकडा चार दिसते. पंधरा दिवसांचे आत खुलासा धाडावा. न धाडल्यास मदत बंद होईल.'

शेकडा चार!

मी वर्षभरात एकही तास चुकवला नव्हता. गारा पडल्या त्या दिवशी डोक्यावर पाटी धरून गेलो होतो. मामेबहिणीच्या लग्नाला अंतरपाट धरायला माणूस कमी पडला, पण मी वर्गात होतो. आणि हजेरी शेकडा चार!

याचं कारण आमचे तर्कशास्त्राचे प्रोफेसर हरिहरराव. दिवसाची हजेरी पहिल्या तासाला तेच घेत, आणि तीच दिवसभराची. एकशे दहा मुलं, वर पत्र्याचं छप्पर. हरिहरराव मान खाली घालून, उताराला लागलेल्या मालगाडीसारखे नंबर सोडत. "पंचेचाळीस!" "येस सर!" "शेचाळीस!" "येस सर!" "सत्तेचाळीस!"

सत्तेचाळीस म्हणजे मी. मी "येस सर" म्हणत असे. रोज म्हणत असे. पण ते माझ्या दातांपर्यंत येऊन परत जाई. हरिहरराव मान वर करत नसत. त्यांचा कानांवर विश्वास. सत्तेचाळीसपुढे 'ए' लागायचा आणि गाडी पुढे जायची. मग शेकडा चार तरी कुठून आले? मी हिशेब लावून पाहिला. सप्टेंबरात मला खोकला झाला होता. त्या आठवड्यात माझ्या नंबराला मी नेमका खोकलो, आणि सरांनी ते 'येस सर' धरलं!

त्याच टपालानं फंडाचं दुसरं पत्र आलं होतं, ते बंडूला. बंडूही फंडाचा विद्यार्थी. त्याचा परतवाड्याला सायकली भाड्यानं देण्याचा धंदा होता आणि कॉलेज त्यानं लांबूनच पाहिलं होतं. जुलैत एकदा आला तेव्हा त्यानं मलाच विचारलं होतं, "काय हो भाऊ, इंटरचा वर्ग कोनता?" पण बंडू दिलदार. सायकल कुणालाही फुकट देई, म्हणून अर्धा वर्ग त्याच्यासाठी "येस सर" ओरडे. कधीकधी तर दोन कोपऱ्यांतून एकदम! त्याची हजेरी शेकडा अठ्ठ्याण्णव. फंडानं त्याचं अभिनंदन केलं होतं आणि सत्काराला अकोल्याला बोलावलं होतं.

मी खुलासा लिहायला बसलो. 'मी हजर होतो' हे पहिलं वाक्य. वाचलं आणि वाटलं, हे फार उद्धट झालं. कॉलेज म्हणतं नव्हता, आणि हा म्हणतो होतो! फाडलं. 'मी बहुधा हजर होतो.' हे पुळचट. फाडलं. मग 'प्रगती समाधानकारक' हे शब्द डोळ्यांसमोर नाचायला लागले. समाधान कुणाचं? माझं तर माझ्याबद्दल कधीच झालं नव्हतं. तेव्हा प्रगती समाधानकारक नाही असंच प्रामाणिकपणे कळवावं की काय? अकरा कागद झाले. बाराव्यावर फक्त 'स. न. वि. वि.' उरलं.

खुलासा गेला नाही तर काय होणार हे मला ठाऊक होतं. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "फंड सुटला की मुकाट्यानं घरी ये आणि माझ्याबरोबर पूजा सांगायला चल." मी आणि पूजा सांगणार! एकदा वडिलांना ताप होता म्हणून मी सत्यनारायण सांगून आलो होतो. तिसरा अध्याय संपला तरी यजमान हात जोडून मला विचारत होते, "गुरुजी, सुरू कवा करता?"

सोमवारी मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथे बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क.

"काय पाह्यजे?"

मी सांगितलं.

"काय पाह्यजे म्हनतो मी!"

मी पुन्हा सांगितलं.

"अरे बाप्पा, बोला तं!"

शेवटी मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, हजेरीपट काढला, बोट फिरवलं.

"याच्यात तं तुमी नाई."

"पण मी होतो," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो.

"कोठी?"

"वर्गात."

"वर्गात असते तं याच्यात असते ना! याच्यात नाई म्हनजे वर्गात नाई." त्यांनी मला चष्म्याच्या वरून पाहिलं, मग हजेरीपटाकडे पाहिलं. "अन् खरं सांगू काय? दोघायले बाजूबाजूले ठेवलं तं हजेरीपटच जास्त खरा वाटते."

मीही दोघांकडे पाहिलं. मलाही तसंच वाटलं.

खोलीवर आलो तर मोतीराम गव्हाची पोळी चहात बुडवून खात होता. माझा खोलीतला सोबती, आणि वर्गातला शेचाळीस नंबर. त्याचे वडील गावात दवंडी द्यायचे. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि त्यांनी ते काम सोडलं. पण आवाज घरातच राहिला, तो मोतीरामकडे आला. तो खोलीत मला "चिंतामण!" म्हणाला की खाली मेसमध्ये आचारी "काय जी?" म्हणायचा. आई जाईबाई अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला. घराण्यातला कॉलेजात आलेला हा पहिला. त्याला सरकारी शिष्यवृत्ती होती.

मी पत्र दाखवलं.

"चार टक्के?" मोतीराम ओरडला. "अबे, चार टक्के तं मेलेला मानूस बी आनते!"

"मी काय करू?"

"ओरडनं शिक. चाल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला वडाळीच्या तलावावर नेलं. मला पाण्याकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः पन्नास पावलं मागे गेला.

"सत्तेचाळीस!"

मी छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून "येस सर" म्हणालो.

"म्हन ना बे!"

"म्हणालो!"

"काय?"

काठावर मैनाबाई नावाची एक म्हातारी धुणं धूत होती. ती हातातलं धुणं टाकून उठली. "काय झालं जी पोराले? तोंड तं हालून राह्यलं."

"येस सर म्हनून राह्यला, मावशी," मोतीराम म्हणाला.

"दातखीळ बसली असन. कांदा लावा नाकाले!"

येताना मोतीराम भराभर पुढे चालत होता. मग थांबून म्हणाला, "हे पाय. तू वर्गात बसजो. नंबर आला का तोंड उघडजो अन् मिटजो. आवाज माहा."

"पण मोतीराम, ही प्रॉक्सी झाली. पकडले गेलो तर—"

"प्रॉक्सी कोनाची रायते? गैरहजर मानसाची. तू तं हजर! हजर मानसाची कायची प्रॉक्सी बे?"

मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी. यात मला कुठेच खोट सापडेना.

सहा जानेवारीला आम्ही सुरुवात केली. "शेचाळीस!" "येस सर!" "सत्तेचाळीस!" मी तोंड उघडलं, आणि शेजारून "येस सर!" असा गडगडाट झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आयुष्यात पहिल्यांदा मी हजर झालो.

पण हरिहररावांची वेगळीच पंचाईत झाली होती, ती आम्हाला कुठून माहीत? वर्षभराच्या सवयीनं त्यांचा हात सत्तेचाळीस नंबराला आधीच 'ए' लिहून मोकळा व्हायचा. आता लिहून झाल्यावर आवाज यायचा. म्हणजे खाडाखोड! त्यांच्या हजेरीपटात बावीस वर्षांत खाडाखोड नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी चाकूनं खरवडलं. दुसऱ्या दिवशीही खरवडलं. तिसऱ्या दिवशी कागदाला भोक पडलं.

हरिहररावांनी टाक खाली ठेवला, चष्मा पुसला आणि मान वर केली. वर्गानं त्यांचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. ते घारे होते.

"सत्तेचाळीस नंबर, उभे राहा."

मी उभा राहिलो.

"हा आवाज तुमचा?"

मी नुसतं 'हो' म्हणून मान हलवली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खोटं बोलायलाही सराव लागतो. माझी मान आपोआप आडवी हलली.

मोतीराम ताडकन उठला. "आवाज मी देल्ला सर. पन सत्तेचाळीस हाच हाये!"

हरिहररावांनी एक बोट वर केलं. "सत्तेचाळीस नंबर सदैव गैरहजर असतो. हे पहिलं विधान." दुसरं बोट. "हा मुलगा हजर आहे. हे दुसरं. म्हणून हा मुलगा सत्तेचाळीस नंबर नव्हे! तेव्हा तू आधी गैरहजर माणसाचा आवाज दिलास, आणि आता त्याच्या जागी भलताच माणूस आणून उभा केलास! आवाजाची प्रॉक्सी मी बावीस वर्षं ऐकतो आहे. अंगासकट प्रॉक्सी आजच पाहिली!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी सवयीनं ते अनुमान वहीत उतरवून घेतलं. रचना अगदी निर्दोष होती.

तिथून आमची वरात निघाली प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत. साहेब शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोतीरामकडे पाहिलं.

"मोतीराम, तुमची शिष्यवृत्ती माझ्या दाखल्यावर चालते. 'वर्तणूक व प्रगती समाधानकारक' असं मी दर तिमाहीला सरकारला लिहून देतो. आता काय लिहू?"

मोतीराम काहीतरी म्हणाला. पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. ज्याचा आवाज तीन गावं ओलांडायचा तो माझ्यासारखा बोलला! माझा फंड गेला तर मी घरी जाऊन पूजा पुटपुटणार. ह्याची शिष्यवृत्ती गेली तर हा जाईबाईच्या शेजारी बसून जिनात सरकी निवडणार. आणि तेही मी दोन शब्द मोठ्यानं बोललो नाही म्हणून!

"हा मुलगा खरोखर वर्गात बसतो का, हे कोण सांगेल?" साहेबांनी विचारलं.

"वर्गातला सर्वांत नियमित विद्यार्थी सांगेल," हरिहरराव म्हणाले. "अठ्ठ्याण्णव टक्के हजेरी!"

नेमका त्या दिवशी बंडू फंडाच्या सत्कारासाठी कॉलेजचा दाखला न्यायला परतवाड्याहून आला होता. शिपायानं त्याला व्हरांड्यातून आत आणलं.

"बंडू, या मुलाला वर्गात पाहिलं आहे?"

बंडूनं मला खालून वर न्याहाळलं. मग छातीवर हात ठेवला. "सर, देवाशपथ सांगतो. या मानसाले म्या वर्गात एकदाबी पाह्यलं नाई!"

आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"झालं!" हरिहरराव म्हणाले.

मला माझ्याबद्दल शंका यायला लागली. हजेरीपट म्हणतो नव्हता, बडेबाबू म्हणतात नव्हता, बंडू शपथेवर सांगतो नव्हता. एवढी माणसं एकदम चुकतील? कदाचित मी खरोखरच नसेन. पण शेजारी मोतीराम पायांच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. मी काखेतली वही काढली आणि साहेबांच्या टेबलावर सरकवली.

ती माझी तर्कशास्त्राची वही. रोजची तारीख, आणि सर बोलले ते सगळं. बोलायचं काम नसल्यामुळे माझे दोन्ही कान आणि एक हात पूर्ण मोकळे असत.

साहेब वाचायला लागले. "'जुलै बावीस. सरांनी हत्तीचा विनोद सांगितला.' हरिहरराव, आपण हत्तीचा विनोद सांगता?"

"दर वर्षी! त्याशिवाय व्याप्ती समजतच नाही."

"'ऑगस्ट पाच. सरांनी हत्तीचा विनोद पुन्हा सांगितला. सर एकटे हसले.'"

हरिहरराव खाकरले. "हे मात्र... म्हणजे वर्गात बसल्याशिवाय हे कळणार नाही."

"तेच म्हणतो मी. मुलगा वर्गात बसतो." साहेबांनी पानं उलटली. "'नोव्हेंबर तेवीस. सर आले नाहीत. शिपायानं सांगितलं, सरांच्या बागेत संत्र्यांचा तोडा चालू आहे. वाट पाहिली. खिडकीतून एक बकरी आत आली.' 'नोव्हेंबर चोवीस. सर आले नाहीत. बकरी आली.' 'नोव्हेंबर पंचवीस. सर—' हरिहरराव, हे बारा दिवस असंच आहे!"

हरिहरराव खिडकीबाहेर पाहायला लागले.

साहेबांनी हजेरीपट ओढला. "नोव्हेंबर तेवीस. इथे तर तास झालेला आहे. हजेरीही भरलेली आहे. सगळा वर्ग हजर! बंडू हजर. फक्त सत्तेचाळीस गैरहजर."

ते बाराही दिवस वर्गात मी एकटा होतो. हजेरीपटात मी सोडून सगळे होते.

सगळ्यांनी बंडूकडे पाहिलं. "मी कसा नसन सर?" बंडू दुखावून म्हणाला. "मी तं रोजच रायतो!"

साहेबांनी शिपायाला दार लावायला सांगितलं. हरिहररावांनी एक बोट वर केलं आणि तसंच खाली घेतलं. बावीस वर्षांत त्यांना अनुमान सुचलं नाही असा तो पहिलाच प्रसंग असावा. शेवटी बडेबाबूंना बोलावलं. बडेबाबूंनी वही पाहिली, हजेरीपट पाहिला, कागदाला पडलेल्या भोकातून पलीकडे पाहिलं.

"दुरुस्त करता येईल?" साहेबांनी विचारलं.

"करता येईन ना. पन हजार जागी खाडाखोड होईन. खाडाखोड झाली का युनिव्हर्सिटी इचारीन, कावून? मंग वही मागीन. वही गेली का..." त्यांनी हरिहररावांकडे आदरानं पाहिलं, "संत्र्यायचं निंगन."

"काहीतरी मार्ग काढा, बडेबाबू!" हरिहरराव म्हणाले.

"सोपं हाये. पोरगं पाच जानेवारीलोग आजारी व्हतं. गैरहजेरी माफ. सहाले बरं झालं अन् येस सर म्हनलं. भोकाच्या बाजूले 'पी' हाये."

"पण तो आवाज तर मोतीरामचा ना?" साहेब म्हणाले.

"कसा, सायेब? मोतीरामचा आवाज शेचाळीसवर लागला. सत्तेचाळीसवर लागला तो सत्तेचाळीसचा. मानूस एक, आवाज एक. मोतीरामनं काहीच नाई केलं."

मी वर्षभर हजर होतो हे पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं, आणि म्हणून मला गैरहजेरी माफ होत होती! मी मान आडवी हलवायला लागलो. मोतीरामनं माझ्या पायावर पाय दिला.

बडेबाबूंनी तिथेच खुलासा लिहिला. 'मी प्रकृतीचे कारणाने चालू वर्षी वर्गास हजर राहू शकलो नाही. आता बरा आहे.' त्याखाली माझी सही घेतली. मग हरिहररावांनी स्वतःच्या हातानं 'प्रगती अत्यंत समाधानकारक' असं लिहिलं. 'अत्यंत'खाली रेघ मारली. साहेबांनी टाक उचलला आणि थांबले.

"असं पाहा, तो आवाज या मुलाचाच आहे, हे मी सहीनिशी लिहून देणार. तेव्हा एकदा माझ्या कानांनी ऐकू द्या. नाहीतर मोतीरामचा दाखला मला देता येणार नाही. हरिहरराव, नंबर पुकारा."

हरिहररावांनी घसा साफ केला. त्यांच्याइतकं कळकळून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "सत्तेचाळीस!"

मी तोंड उघडलं. आवाज नेहमीप्रमाणे दातांपर्यंत आला आणि मागे फिरायला लागला. मोतीराम माझ्याकडे पाहत नव्हता. त्यानं डोळे घट्ट मिटले होते, आणि त्याचे ओठ हलत होते. माझ्यासाठी आतल्या आत "येस सर" म्हणत होता बिचारा! सवयच लागली होती.

"येऽऽस सर!!"

मी ओरडलो! दऊत कलंडली. बाहेरचा शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. बंडू म्हणाला, "बाप्पा!" आणि व्हरांड्यापलीकडच्या कुठल्याशा वर्गात कुणीतरी घाईघाईनं आपली हजेरी थांबवली. वीस वर्षांचा साठलेला आवाज एकदम बाहेर पडला होता. मागे काहीच शिल्लक राहिलं नाही.

साहेबांनी सही केली. मोतीरामच्या दाखल्यावरही केली. खुलाशाचा लिफाफा माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा तुम्ही स्वतः टपालात टाका."

"हो," असं म्हणायला गेलो तर नुसती हवा आली. घसा फाटला होता. संध्याकाळपर्यंत ताप भरला. मी अंथरूण धरलं. लिफाफा उशाखाली.

खरं तर दुसऱ्याच दिवशी तो कुणाहातीही टाकता आला असता. पण माझ्यानं तो देववेना. आतमध्ये लिहिलेलं खोटं होतं, आणि खाली माझी सही. मोतीराम रोज कॉलेजातून येऊन विचारी, "टाकलं काय बे पत्र?" मी बोलू शकत नव्हतो. मी हातवारे करायचो. तो म्हणायचा, "शाब्बास!"

असा आठवडा गेला. संक्रांत आली, तिळगूळ खाऊन 'गोड बोला' असं मला सगळे सांगून गेले. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि कागदावर लिहून दिलं, 'विद्यार्थी आजारी आहे. बोलू नये.'

मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. आजारी आहे! म्हणजे खुलाशातला निदान एक शब्द खरा झाला होता. तारीख थोडी इकडची तिकडे.

सोळा तारीख, मुदतीचा शेवटून दुसरा दिवस. शेवटचा दिवस रविवार, म्हणजे टपाल बंद. सकाळी मोतीराम कॉलेजात जायला निघाला तेव्हा मी पाटीवर लिहून विचारलं, 'माझी आठवडाभराची गैरहजेरी किती लागली?'

"गैरहजेरी?" मोतीराम खदखदा हसला. "अबे, सत्तेचाळीस आला का हरिहरराव आवाजाची वाट बी पाहत नाईत. मान खाली घालून 'पी' लावतेत. भेतेत तुह्या वहीले!"

तो गेल्यावर मी मफलर गुंडाळली, काठी घेतली आणि जयस्तंभ चौकातल्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. लिफाफ्यावर तिकीट आहे ना, ते तीनदा पाहिलं. पत्ता दोनदा वाचला. मग डोळे मिटून तो पेटीत टाकला.

समोरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. हजेरीपटाप्रमाणे त्या वेळी मी तर्कशास्त्राच्या वर्गात होतो.